इन्फिनिटीला मराठीत काय म्हणायचं?

“चौदा गाठींत मावतो तो कसला अनंत?” नोएडाहून निघालेली चार्टर्ड बस यमुनेच्या पुलावर आली होती आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे काका उभे राहून माझ्या दंडावरच्या अनंताच्या दोऱ्यावर ओरडत होते. “बाबूजी, बैठ जाओ, आगे पुलिस है,” ड्रायव्हर म्हणाला. काका बसले, आवाज मात्र उभाच राहिला.

एका शब्दापायी एवढं आयुष्य उधळणारा माणूस यमुनेच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. सरकारी कार्यालयात मराठीच्या टेबलावर ते एकटेच. काम गणिताचा परिभाषाकोश करण्याचं. बाकीचे हजारो शब्द त्यांनी हा हा म्हणता उरकले आणि ‘इन्फिनिटी’पाशी जे बसले ते बसलेच. तेवढ्या काळात आमच्यासमोरच्या मोहरीच्या शेतात तीन सेक्टर उगवले, कोपऱ्यावरच्या दुकानात परदेशी कोला आला. काकांची ओळ कोरीच. सुचवावं ते मोडीत. असंख्य? “पोतंभर मोहरी सांडली की असंख्य. मोजायचा कंटाळा, दुसरं काय!” अपार? “तुला पोहता येत नाही, हा काय नदीचा गुण झाला?” परार्ध? “एकावर सतरा शून्यं. अठरावं देताना पेन्सिल मोडते का?” असीम तर समोरच्या बिल्डरने ‘असीम सुख-सुविधाएँ’ असं फलकावर रंगवून नासवलाच होता, तिथे पाणी दिवसातून तासभर येई. एकदा काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “साखरेचा डबा रिकामा आहे. त्याला काढा शब्द.”

“शून्य,” काका म्हणाले. “तो प्रश्न सुटलेला आहे.”

मग हुकूम निघाला: नव्या काळात मराठीचं टेबल नको, कोश असेल तसा शुक्रवारी छापखान्यात पाठवा. त्या शुक्रवारी मी त्यांच्या कार्यालयात गेलो, तर टेबल उचलायला दोन हमाल दाराशी येऊन उभे.

“काका, अनंत लिहा आणि सुटा. शाळेत सगळे तेच शिकलेत.”

“अरे, तो देव आहे. त्याला मी गणितात राबवू?” त्यांनी पेन उघडलं, बंद केलं. “ओळ मोकळी सोडतो. माझ्यापेक्षा शहाणा कुणी येईल, तो भरेल.”

“टेबलच चाललंय, काका. तो येऊन बसणार कुठे?”

हे मी बोलायला नको होतं. काका हमालांसाठी खुर्चीवरून उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

दोन महिन्यांनी छापलेला कोश घरी आला. काकांनी उभ्या उभ्याच ते पान काढलं. वरचा शब्द होता, खालचा होता. मधली ओळच नव्हती. इन्फिनिटी हा शब्द जणू गणितात कधी नव्हताच. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर करोल बागेतल्या छापखान्यात गेलो. चालत्या बसमध्ये उभं राहून ओरडणारा हा माणूस तिथे इतक्या हळू बोलला, की ऐकू यावं म्हणून मालकाला यंत्र बंद करावं लागलं.

मालकाने चष्मा कपाळावर सरकवून पान पाहिलं.

“लाइन ख़ाली थी, बाबूजी. निकाल दी.”