पडद्याच्या कडेला बघणारी आंजीवाली

सिनेमा सगळे बघतात तसा न बघणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. नायक-नायिका झाडाभोवती फिरत गात असोत, की खलनायक सुरा उपसून उभा असो, आंजीवालीची नजर आपली पडद्याच्या कडेला. सगळं थेटर मुसमुसत असायचं आणि ही मान तिरकी करून, दारातून कोणी येतंय का बघावं तशी, एका कोपऱ्याकडे बघत बसलेली. पहिल्यांदा मी थट्टेनं म्हटलं, बाईच्या मानेत लचक भरली असावी. पुढे खरं कारण कळलं, आणि त्या वेळी थट्टा केल्याची लाज नाही वाटली, नुसतं वाईट वाटलं.

लग्न होऊन मी साताऱ्याकडून बोरगावात आले तेव्हा बोरगाव म्हणजे वर्ध्याच्या कडेचं एक साधं खेडं होतं. आमचे हे शाळेत भूगोल शिकवत. शेजारच्या घरात कचेरीतले एक कारकून राहत, त्यांची ही बायको. माहेर आंजीचं, म्हणून सगळं गाव तिला आंजीवाली म्हणे. तिचं खरं नाव मला फार उशिरा कळलं आणि कधी वापरावं लागलं नाही. मी तिच्यासाठी मास्तरीनबाई. सुरुवातीला तिचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही आणि माझं ऐकून ती पदर तोंडाला लावून हसायची. "तुमचं बोलनं म्हंजे कोनी पुस्तक वाचून राह्यलं असं वाटते वो," म्हणायची.

कारकुनाची बायको असून तिला लुगड्यांचं, दागिन्यांचं काही नव्हतं. तिला वेड बैलांचं. रस्त्यानं बंडी, म्हणजे बैलगाडी, चालल्याचा आवाज आला की मळलेली कणीक तशीच टाकून ही दारात. बंडीवाल्याला थांबवायचं, भाजीचे देठ नाहीतर मूठभर ढेप, म्हणजे सरकीची पेंड, बैलांपुढे करायची, त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि त्यावरून बंडीवाल्याची लायकी ठरवायची. "मानूस पाहाचा असन त त्याचं तोंड नोका पाहू. त्याच्या बैलाची पाठ पाहा," हे तिचं ठरलेलं वाक्य. पाठीवर वळ दिसले की त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आमच्या ह्यांच्या हेडमास्तरांनाही तिनं त्यांच्या बैलांवरून नापास केलं होतं, आणि मला तो निकाल पटला होता.

माझी तिथली पहिली भाऊबीज. माझा भाऊ साताऱ्याला, तो काही येणार नव्हता. संध्याकाळी निरांजन घेऊन मी अंगणात आले, चंद्राला ओवाळावं म्हणून. शेजारी डोकावले, तर आंजीवालीनं पाट मांडलेला, भोवती रांगोळी, ताम्हनात सुपारी, आणि पाटावर कोणी नाही. मी आपलं सहज म्हटलं, "या ना बाहेर, चंद्रालाच ओवाळू दोघी." ती एकदम फणकारली. "चंद्राले काऊन? ज्याले भाऊ नाई त्यानं चंद्राले ओवाळा. माहा भाऊ हाय." मग माझा उतरलेला चेहरा बघून हात धरून आत नेलं आणि सगळं सांगितलं.

तिच्या पाठचा एकच भाऊ, नामदेव. वडील गेले आणि चुलत्यांत वाटण्या झाल्या. वाटणीत बैलजोडी गेली चुलत्याकडे. मोती आणि राजा, पांढरेशुभ्र गवळाऊ बैल, नामदेवानं वासरं होती तेव्हापासून वाढवलेले. वाटणी करणाऱ्या पंचांना ते दोन बैल वाटले, त्याला ती घरची माणसं वाटत होती. एका सकाळी त्यानं चुलत्याला न विचारता तीच जोडी बंडीला जुंपली आणि आंजी सोडली. वाटेत बोरगावात बहिणीच्या दारी थांबला. तिनं भाकर दिली, बैलांना पाणी दाखवलं. "कुठी चालला?" म्हटलं तर म्हणाला, "जामच्या मोठ्या रस्त्यानं जातो. बैल हायेत त काम भेटनच." तिनं एवढंच म्हटलं, "भाऊबीजेले येजो." तो म्हणाला, "येतो." जामच्या हॉटेलवाल्यानं त्याला चहा पाजला होता. तिथून रस्ते चहूकडे फुटतात, आणि त्यातल्या कुठल्या रस्त्यानं तो गेला हे कोणालाच सांगता येईना. तेव्हापासून दर भाऊबीजेला पाट मांडलेला असे.

पुढे एक सिनेमा आला. नाव नाही सांगत, त्या वेळी लहानमोठ्यांच्या तोंडी त्यातली गाणी होती. वर्ध्याच्या थेटरात बायकांसाठी दुपारचा खेळ असे, आम्ही दोघी गेलो. त्यात नायक-नायिका बंडीत बसून गाणं म्हणतात आणि मागं नदीचा उतार दिसतो. त्या उतारावरून दुसरी एक बंडी वर येते आणि बाजूला निघून जाते. डोळ्याचं पातं लवेस्तोवरचं काम. आंजीवालीनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. "मास्तरीनबाई, आमचे बैल! तो मोती! त्याचं शिंग पाहा, पुढं वाकलेलं!" मी बघेपर्यंत पडद्यावर नायिकेचा चेहरा आला होता. "आणि हाकणारा?" मी विचारलं. "पाठमोरा होता," ती एवढंच म्हणाली. त्यानंतर तो सिनेमा थेटरात होता तोवर ती जात राहिली, आणि नजर कायम त्या उताराच्या कडेला.

आता एकच काम होतं. तो उतार कुठला, ते शोधायचं. जागा सापडली की बैल सापडतील, बैल सापडले की नामदेव. सगळी आळी कामाला लागली. कोपऱ्यावरचे किराणावाले शेठजी सिनेमा पुन्हा बघून आले आणि छातीठोकपणे म्हणाले, "ये तो अपनाच मुलुख है. असे बैल आर्वी-वर्ध्याच्या बाहेर कुठी भेटते?" सगळ्यांना ते एकदम पटलं. बैल आपले, म्हणजे माती आपली, म्हणजे नदी आपली. आमच्या ह्यांनी भूगोलाच्या मास्तराला शोभेलशी शंका काढली, की सिनेमा इथे वर्ध्याकडे घेतला असता तर आपल्याला कळलं नसतं का? त्यांना कोणी विचारलं नाही. उलट आठ दिवसांत आमच्याकडे असा एक माणूस उरला नाही ज्याला सिनेमात स्वतःची विहीर दिसली नव्हती. एकीला तर दूरच्या पाण्यावरच्या बायकांत आपली नणंद दिसली, आणि ती तिथंही कामात टाळाटाळ करताना दिसली.

मग आम्ही शोधायला निघालो. सुट्टीच्या दिवशी दशम्या बांधून, कोणाची तरी बंडी मागून, धाम नदीच्या काठानं हिंडलो, वर्धा नदीचे घाट पाहिले. आंजीवाली प्रत्येक उतारावर उतरायची, पदर खोचून खालपर्यंत जायची आणि वळून वर बघायची. "वर देऊळ पाह्यजे. देवळाच्या बाजूले वाकडी बाभूळ पाह्यजे." कुठे देऊळ असे तर बाभूळ नसे, बाभूळ असे तर घाट सरळ. ती नुसती मान हलवायची आणि वर येऊन आमच्या बंडीच्या बैलांना पाणी पाजायची. मला वाटायचं, ही आता रडेल, पण ती रडायची नाही, आणि ते मला जास्त लागायचं.

असं बरंच हिंडणं झालं. वर्षभरानं तोच सिनेमा परत आला. सिनेमाच्या पेट्या तेव्हा अमरावतीहून येत आणि पेट्यांबरोबर कंपनीचा एक माणूस. थेटरच्या मालकानं आम्हाला कळवलं, की हा गृहस्थ पूर्वी मुंबईकडे सिनेमाच्या कामावर होता, त्याला ठाऊक असेल. आम्ही दोघी आणि आमचे हे, खेळ सुटल्यावर त्याला भेटलो. माणूस भला होता. आंजीवालीला त्यानं खुर्ची दिली. म्हणाला, "तो घाट ना? कोल्हापूरकडचा. पंचगंगेच्या काठी. मी होतो तिथे. देऊळ खोटं होतं, बांबूचं आणि तरटाचं. काम झाल्यावर उतरवून टाकलं."

"आन बैल?" आंजीवालीनं विचारलं.

"बैल खरे. पडद्यावर उठून दिसतील असे पांढरे बैल पाहिजे होते, म्हणून कंपनीनं जत्रेत घेतले. गुरांच्या दलालाकडून. फार लांबून, हातोहात विकत आलेले, असं तो सांगत होता. त्याला ते कोणाकडून मिळाले ते त्यालाही ठाऊक नव्हतं."

"त्याहीच्या संगं कोनी आलतं का? मालक?"

"कोणी नव्हतं, बाई. हाकणारा तिथलाच एक गाववाला."

आंजीवाली उठली, त्या गृहस्थाला नमस्कार केला आणि बाहेर पडली. बोरगावची वाट आम्ही पायीच धरली. आमचे हे आपले समजूत घालत होते, की अडचणीत माणूस विकतोही बैल, पुन्हा कामधंदा बघतो, त्यात काय. ती शांतपणे म्हणाली, "मास्तर, चुलत्यानं बैल घेतले म्हनून त्यानं घर सोडलं. जिता असता त इकले नसते."

थोडं पुढे गेल्यावर ती मला म्हणाली, "हाकनारा नाम्या नोहोता हे मले पयल्याच खेपेले समजलं होतं."

मी थांबलेच. "म्हणजे?"

"मोती डाव्या अंगाचा बैल. लहानपनापासून डावीकडंच जुपलेला. त्या मानसानं उजवीकडं जुपला होता. म्हनून मोती सारखा मान झटकून राह्यला होता. नाम्यानं असं मेल्यावरही केलं नसतं."

"अहो, मग इतके दिवस आपण काय शोधत होतो? तुम्ही रोज काय बघत होता तिथे?"

"मले वाटे, दुसऱ्याले हाकाले देल्ले असन. थो बाजूले उभा असन, बैलायवर ध्यान ठेवून. फोटोत आला नसन. कधीतरी एखादं पाऊल अंदर टाकन." तिचा आवाज तिथे फुटला. "म्हनून मी बाजूले पाहो."

तिचा हात धरून मी चालत राहिले, आणि रस्त्यानं एक बंडी आमच्या शेजारून गेली तेव्हा पहिल्यांदाच तिनं बैलांकडे पाहिलं नाही.

तिच्या यजमानांनी कोल्हापूरकडे माणसांकरवी चौकशी केली, जामला पुन्हा जाऊन आले. काही हाती लागलं नाही. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या गावात, कशानं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर आमच्या ह्यांची बदली ठरली आणि आमचं सामान बांधायला निघालं. आज इतकी वर्षं झाली, तरी सिनेमा बघताना माझी नजर मधूनच कडेला जाते. नातवंडं हसतात. मी त्यांना कारण सांगत नाही.

आम्ही बोरगाव सोडलं त्याच्या आदल्या आठवड्यात भाऊबीज होती. मी दिवेलागणीला निरांजन घेऊन अंगणात आले. शेजारच्या घरात डोकावायचं मला धैर्य नव्हतं. तेवढ्यात आंजीवालीच बाहेर आली, नवं लुगडं नेसून, हातात ताम्हन घेऊन. मागं उघड्या दारातून तिचं घर दिसत होतं. रांगोळी नव्हती आणि पाट भिंतीला टेकवून उभा होता. ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. पश्चिमेला बारीकशी कोर होती, मावळायला टेकलेली. तिनं ताम्हन उचललं, चंद्राला ओवाळलं, अक्षता टाकल्या. आणि नेहमीच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "येजो."