सायीत कालवलेली अर्धी गोळी

आमच्या घरात मांजर आली आणि पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. माझा स्वभावच तसा. सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीचे गज म्हणजे मांजरीला उघडं दारच, म्हणून करोल बागेतून जाळी आणून लावली. फिनेलची बाटली वरच्या फळीवर गेली. मांजरी दोरा गिळतात आणि तो आतड्यात अडकतो, म्हणून शिवणाचा डबा कपाटात गेला. वॉशिंग मशीन सुरू करण्याआधी आत हात घालून बघायचं, असा नियम केला. बादलीत रॉड टाकून पाणी तापवायची पद्धत बंद केली. कुणी लिलीची फुलं आणली तर ती दारातूनच शेजाऱ्यांकडे, कारण ती मांजरीला विषासारखी. नवरा म्हणायचा, "यार, ऑफिसमध्येपण तू अशीच वागतेस का?" मी म्हणायचे, "बिल्कुल."

बाबा मात्र हसायचे. आई गेल्यावर ते साताऱ्याहून दिल्लीला माझ्याकडे राहायला आले होते, तेही नाइलाजाने. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये अशा जुन्या वळणाचे ते, त्यामुळे पहिले काही महिने पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसायचे. बाहेर गेले तर हिंदी. भाजीवाल्याला ते "अरे, भेंडी कोवळा है क्या" असं विचारायचे आणि तो नुसता बघत राहायचा. मी सकाळी मंत्रालयात, नवरा त्याआधीच कंपनीच्या बसने मानेसरला. दिवसभर बोलायला कोण? मांजर.

तिला आम्ही नाव ठेवलंच नाही. बाबा तिला "अगं बाई" म्हणायचे आणि ती यायची. तिला ते पेपर वाचून दाखवायचे, आमटीत मीठ जास्त झालं की तिच्याकडे माझी तक्रार करायचे. "या घरात मराठी नीट समजणारी ही एकटीच," असं मला ऐकवायचे. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. ते खुर्चीत नीट टेकून बसायला लागले ते ती मांडीवर येऊन झोपायला लागली तेव्हापासून.

जानेवारीत धुकं इतकं दाट झालं की समोरची इमारत दिसेना. मांजरीला सर्दी झाली. शिंकायची, खायची नाही, एका जागी गोळा होऊन बसायची. मी म्हणाले, संध्याकाळी डॉक्टरकडे नेऊ, आणि ऑफिसला गेले. दुपारी बाबांचा फोन आला. "अगं, हिचं तोंड सुजलंय. श्वास कसातरीच घेतेय. तू येतेस का?" एवढं ऐकलं आणि मी तशीच निघाले.

मुनिरकाच्या गल्लीत, भाड्याच्या खोल्यांच्या एका इमारतीखाली प्राण्यांचा दवाखाना आहे. बाबांनी तिला आपल्या शालीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. आत एकालाच सोडत होते, म्हणून बाबा बाहेर बाकावर बसले. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने मांजरीचं तोंड उघडून हिरड्या पाहिल्या. त्या गुलाबी नव्हत्या, चिखलासारख्या तपकिरी झाल्या होत्या. तिने विचारलं, "मॅम, घर में कोई दवाई दी है? बुखार की?"

मी "नहीं" म्हणणार होते. मग काय वाटलं कोण जाणे, बाहेर येऊन बाबांना विचारलं.

"दिली ना," बाबा म्हणाले. चेहऱ्यावर आशा होती. "सकाळी कान गरम लागले म्हणून अर्धी गोळी दिली, सायीत कालवून. चाटूनपुसून खाल्लीन. का गं, ताप उतरला का?"

लहानपणी आम्हा भावंडांना ताप आला की बाबा तेच करायचे. अर्धी गोळी चमच्यात चुरायची, मध घालायचा, आणि आम्ही झोपेपर्यंत उशाशी बसायचं. आई धीराची, पण तापाचं खातं बाबांचं. आणि गोळ्यांना आमच्या घरात तोटा नव्हता. दर महिन्याला सरकारी दवाखान्यातून मिळतात, संपत नाहीत, म्हणून बिस्किटांच्या डब्यात साठत जातात. तो डबा जेवणाच्या टेबलावरच असायचा. घरातली प्रत्येक वस्तू मी मांजरीच्या नजरेने पाहिली होती. बाबांच्या नजरेने एकही पाहिली नव्हती.

डॉक्टरने सांगितलं की माणसाची तापाची गोळी मांजरीच्या शरीराला पचवताच येत नाही, रक्तच निकामी होतं. तिने ऑक्सिजन लावला, सुया टोचल्या, खूप धडपड केली. मी मांजरीच्या पंजावर बोट ठेवून उभी होते. पंजाही सुजला होता. थोड्या वेळाने श्वास थांबला.

दार उघडून बाहेर आले तेव्हा बाबा उभे राहिले. आधीच ठरवल्यासारखं माझ्या तोंडून निघालं, "न्यूमोनिया होता, बाबा. फार आत पसरला होता."

"म्हणजे गोळी लागू पडली नाही."

"नाही," मी म्हणाले.

आमच्या मागच्या बागेत, माळ्याला विचारून, तिला पुरलं. बाबांनी शाल परत घेतली नाही. घरी आल्यावर मी नवऱ्याला स्वयंपाकघरात खरं सांगितलं, आणि त्याने गोळ्यांचा डबा उचलून कपाटात ठेवला. आम्हा दोघांनाही वाटलं, एवढं एक दुःख तरी म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला नको. बायको गेली, गाव सुटलं, आता हेही आपल्याच हातून झालं हे कशाला कळायला हवं?

बाबा पुन्हा खुर्चीच्या कडेवर बसायला लागले. पेपर मनातल्या मनात वाचायचे. आमटीत मीठ जास्त झालं तरी गप्प जेवायचे. मी मुद्दाम खारट करून पाहिली एकदा, इतकी मी त्यांच्या तक्रारीला आसुसले होते. ऑफिसातून येताना रडून घ्यायचे आणि घरात शिरताना तोंडावर हसू आणायचे. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

होळीच्या आधी त्यांनी बॅग भरायला घेतली. "साताऱ्याला जाऊन राहतो," म्हणाले. मी भांडले. दुसरी मांजर आणू म्हणाले, तिकडे तुमचं कोण बघणार म्हणाले, नेहमीसारखा आवाज चढवला. ते सदऱ्यांच्या घड्या घालत राहिले.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बाहेर येऊन गोळीचं विचारलंस ना, तेव्हा मी सांगत असताना तुझा चेहरा बघितला. मला तेव्हाच कळलं."

त्यांनी पुढचा सदरा हातात घेतला.

"तुला वाटलं, खरं कळलं तर बाबा मोडून पडतील. मोडलोच की. पण तू न्यूमोनिया म्हणालीस, मग मलाही न्यूमोनियाच म्हणावं लागलं. रोज तू ऑफिसला गेलीस की मी नळ सोडून रडतो, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. लेकीच्या घरी एकट्याने रडायचं, तर मग आपलं घर काय वाईट?"

मी पलंगावर बॅगेशेजारी बसले. "न्यूमोनिया नव्हता, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, हातातला सदरा तोंडावर धरला, आणि माझ्यासमोर मोठ्याने रडले.