आधी कुशीवर वळायचं

ये ग वंदू, जवळ बस. लांबून हो-हो करू नकोस. तुझ्या सासूबाई जाऊन दीड महिना होत आला. तेराव्याला तुला पाहिलं ते शेवटचं. पंडरीच्या तुझ्या घरापासून आमचा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, असा कितीसा लांब? फोन उचलतेस, हुंदका देतेस, ठेवून देतेस. म्हणून म्हटलं, पुरवणीतच लिहावं. पेपर तरी वाचशील.

बातमी तूच दिलीस. "आई गेल्या ग," म्हणालीस... आणि क्षणभर मला कळेचना, मी तर इथे भाजी निवडत बसलेली! माझ्या लेकीनं आई म्हणून दुसरीला हाक मारावी, हे मला इतक्या वर्षांत पचलं नाही.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, जिकडेतिकडे रस्ते खणलेले, तेव्हा तू बाळंतपणाला आलीस. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे माझं. विहीणबाईंनी ओटी भरून आपल्या घरी बसावं की नाही? पण त्या रोज दुपारी हजर. विहीण मानाची, हाकलता थोडीच येते? पाट मांडायचा, चहा करायचा आणि आतल्या आत चरफडायचं. मी तुला पलंगावरून पाय खाली ठेवू देत नव्हते. त्या आल्या की सुरू, "काहून निजून राहिली बापा? डॉक्टरीणबाई चाल म्हणते ना? ऊठ. सरळ नको उठू. आधी कुशीवर वळ, हाताचा रेटा दे, मंग बस." मग व्हरांड्यात तुम्हा दोघींच्या हळूहळू फेऱ्या. दम लागला की थांबायचं, भिंतीला पाठ टेकायची, खांदे सैल सोडून लांब श्वास घ्यायचा. तुमचं हसणं ऐकत मी आत डिंकाचे लाडू वळत होते. फार कडक झाले ते लाडू.

बाळ झालं. पोट बांधायला मी गोल बाजारातून कोरं मांजरपाट आणलं, चांगलं कसून बांधलं. विहीणबाईंनी आल्या आल्या गाठ सोडली.

"पोरीले श्वास तर घेऊ द्या, विहीणबाई!"

"आमच्यात असंच बांधतात."

"हव, गाठोडं."

तू फिसकन हसलीस. माझ्याच घरात, माझ्यावर! मग त्यांच्या जुन्या लुगड्याची मऊ पट्टी आली, सैलसर बांधली गेली. ती तू अजून जपून ठेवली आहेस. माझ्या मांजरपाटाची पुसणी झाली.

शेवटचं भेटले तेव्हा त्या अंथरुणाला खिळलेल्या. तू त्यांना उठवत होतीस, कुशीवर वळवून, पाठीला हात देऊन. मला बघून म्हणाल्या, "पाहा, तुमची पोट्टी आता मले शिकवून राहिली." तुमची म्हणाल्या हो... पण मी बघत होते त्यांच्या पाठीवरचा तुझा हात.

आता माझीही कंबर धरते. सकाळी सरळ उठवत नाही. मी कुशीवर वळते, हाताचा रेटा देते, मग बसते... आणि रोज ही बाई माझ्याच पलंगाशी उभी! गेल्यावरही पाट मांडायला लावते.

तू ये ग. माझ्या पाठीला तेल लावून दे. तिनं शिकवलं तसंच लाव, चालेल मला. पण लवकर ये.