उभं राहून काढलेला फोटो

लालबागच्या मंडळाकडून दौलत घाडी चढाईला निघाला की समोरचे गडी आपसूक मागे सरकत. दिवसा तो गिरणीत साच्यावर उभा राहून कापड विणायचा. संध्याकाळी अनवाणी हुतुतूच्या मातीत उतरायचा. यापलीकडे त्याने कधी काही मागितलं नाही.

त्या सामन्यात तो चवड्यावर वाकून रेषेकडे हात लांबवत होता. तेवढ्यात पकडणारा गडी त्याच्या टाचेवर कोसळला. पावलाच्या मध्यात काहीतरी तटकन तुटलं.

पोरांनी त्याला पाय टेकू दिला नाही. आनंदा या जोडीदाराने त्याला पाठीवर घेतलं, इस्पितळात नेलं आणि थेट टेबलावर निजवलं. पायाचा एक्स-रे फोटो निघाला. हाड शाबूत होतं.

"मुरगळलाय नुसता," आनंदा म्हणाला. "चोळला की सुटेल. नाटकं करू नकोस हां!"

तालमीच्या वस्तादाने तेल लावून पाय चोळला. दौलतच्या डोळ्यांत पाणी आलं. तळव्यावर निळा डाग उमटला होता. तो बघून बायको मालन म्हणाली, "खडो लागलो असतलो."

हाड मोडलं नाही म्हणून तो कामावर गेला. मुंबईसह महाराष्ट्रासाठी मोर्चा निघाला तेव्हा लालबागहून फोर्टपर्यंत चालतही गेला. घोषणांमध्ये पायाचा विसर पडला. परतताना मात्र भिंती धरून आला.

महिने गेले. चवड्यावर उभं राहता येईना. त्याच्या जागी मंडळाने दुसऱ्याला चढाईला घेतलं. शेवटी मालनने त्याला ओढतच ठाकूरद्वारला डॉक्टर जयवंतांकडे नेलं.

डॉक्टरांनी जुना फोटो उजेडात धरला. "हा काढताना उभे होतात?"

"निजलो होतो. उभं कोण राहू देतंय?"

"तळवा निळा पडला होता?"

"निळो डाग पडलो होतो," मालन हळूच म्हणाली.

या वेळी पायावर भार देऊन, उभं करून फोटो काढला. अंगठ्यामागचं हाड आणि शेजारचं हाड यांच्यामध्ये फट दिसत होती.

"हाडांना बांधणारा बंध तुटलाय," डॉक्टर म्हणाले. "निजलात की हाडं जागेवर बसतात, भार आला की फाकतात. तेव्हाच तारेने धरून प्लास्टर घातलं असतं, तर पाय वाचला असता. आता सांधा झिजलाय. ऑपरेशन करून तो जखडून टाकू. साच्यावर उभे राहाल."

"आणि चढाई?"

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला. "नाही."

खाली आनंदा वाट पाहत होता. "काय घाडी, मातीत कधी उतरतोस?"

"नाही उतरत. संपलं."

आनंदा हसला. मग त्याचा चेहरा पडला. "पण हाड तर शाबूत होतं ना रे! मीच तर नेलं होतं तुला. आमचं काही चुकलं काय?"

मालन बोलणार होती. दौलतने तिचा हात दाबला.

"उशीर मीच केला," तो म्हणाला. "चल, कुठंतरी बसू. उभं राहवत नाही."