टॉम दलालाचा चौथा सौदा

वामन मास्तरांनी मला फसवले. मी बैलांचा दलाल. बाजारात ज्याला कोणी गंडवू शकले नाही, त्या मला एका शाळामास्तराने फसवले, आणि तेही इंग्रजी पुस्तक हातात धरून.

मराठी माणसांचे नवे राज्य झाले त्या सुमाराची गोष्ट. उंद्रीला बाजाराच्या संध्याकाळी मास्तर सखारामच्या हॉटेलात यायचे, बशी बाजूला सारायचे आणि पुस्तक उघडून वऱ्हाडीत सांगू लागायचे. विलायतेतल्या एका खेड्यातला दारूचा गुत्ता, तिथे जमणारी माणसे आणि त्यांच्या फजित्या. गोष्ट रंगात आली की नेमके तेव्हाच ते तपकीर ओढायचे. सगळे हॉटेल त्यांच्या शिंकेची वाट बघत थांबायचे.

"मास्तर, शाळेत दारू वाईट म्हनता, अन् इथं गुत्त्याची पोथी लावता?" सखाराम विचारायचा.

"पोथीतली दारू चढत नाही बे. तू चहात दूध टाक."

त्या गुत्त्यात टॉम नावाचा घोड्यांचा दलाल होता. तापट, स्वतःला शहाणा समजणारा. पहिल्याच खेपेला त्याने म्हातारा घोडा तरणा समजून घेतला. सगळे माझ्याकडे बघून हसले. मी उसळलो, "दात न पाहता कोनता दलाल जनावर घेते? खोटं हाय हे!"

"पुस्तकात छापेल हाय, दलाल. मी काय करू?" मास्तर म्हणाले.

पुढच्या बाजारी टॉमने आंधळी घोडी घेतली. मग शेतकरीच मला विचारू लागले, "काय टॉमशेट, डोळे पाह्यले का?" गिऱ्हाईक हसू लागले की दलाली बसली. माझे नाव मी शून्यातून उभे केले होते. ते एका विलायती गाढवापायी घालवणार नव्हतो. "छापेल असंन, पन सांगता तर तुम्ही," असे म्हणून मी मास्तरांपुढे उपरणे टाकले. आमच्यात सौदा तोंडाने होत नाही. कापडाखाली बोटे धरायची, आणि हात दाबला की शब्द फिरत नाही. मास्तरांनी पाच बोटे दिली: टॉम पाचदा फसेल. मी दोन धरली. ओढाताण होऊन तीनवर ठरले. चौथ्यांदा टॉम सगळ्यांना लोळवेल. मास्तरांनी हात दाबला.

टॉम तिसऱ्यांदा फसला, तेव्हा मी दातओठ खात चहा प्यालो. पुढच्या बाजाराआधी मास्तर तापाने गेले.

तेरावे झाल्यावर मास्तरीणबाईंनी ते पुस्तक माझ्या हातात ठेवले. "तुमाले द्या म्हनत होते." मी ते चिखलीच्या एका वकिलाकडे नेले. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाला, "गुत्ता आहे. पण यात टॉम नाही, दलाल नाही, घोडासुद्धा नाही."

आणि मास्तर तर बोट ओले करून पान उलटायचे!

म्हणजे चौथा सौदा कुठेच छापलेला नाही. तो एकट्या मास्तरांच्या डोक्यात होता, आणि ते डोके आम्ही नाल्याकाठी जाळून आलो. पण माणूस मेला म्हणून आमच्या बाजारात सौदा मोडत नाही. मी अजूनही बाजाराच्या संध्याकाळी सखारामच्या हॉटेलात उपरणे पसरून बसतो. हात दाबला होता, मास्तर! टॉम जिंकला कसा? तुमच्या वतीने कोणीतरी उत्तर द्यायलाच पाहिजे.