चूलबंद पाकिटं

कॉम्प्युटरनं घोळ केला असं म्हणणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. कॉम्प्युटर घोळ करत नाही. सांगितलं तेवढंच तो करतो, आणि आमच्या घरात सांगितलं तेवढंच करायची सवय कोणालाच नाही, म्हणून सगळे त्याच्या नावानं शंख करतात. धाकट्या बहिणीच्या लग्नात आमंत्रणाची पाकिटं मी स्वतः प्रोग्राम लिहून छापली होती. ती गोष्ट आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात अजून सांगतात आणि दर वेळी चुकीची सांगतात. तेव्हा एकदा नीट सांगून टाकतो.

मी तेव्हा एका मेडिकल स्टोअरच्या वरच्या खोलीत कॉम्प्युटरची शिकवणी घ्यायचो. खिडक्या आणि बटणं असलेले प्रोग्राम कसे बनवतात ते मी नुकतंच शिकलो होतो, आणि नवीन शिकलेल्या माणसाला दिसेल तिथं बटण लावावंसं वाटतं. घरात लग्न ठरलं, कार्डं छापून आली. आता पाकिटांवर नावं लिहायचं काम बाबांचं. बाबा सरकारी कचेरीत बाबू होते आणि त्यांचं अक्षर त्यांच्या साहेबांशिवाय कोणाला लागत नसे. मोठ्या ताईच्या लग्नात त्यांनी लिहिलेलं एक पाकीट पोस्टमन तीन गल्ल्या फिरवून आमच्याच घरी टाकून गेला होता.

मी म्हणालो, "बाबा, मी प्रोग्राम करतो. नावं एकदा भरायची, बटण दाबायचं, पाकिटं छापून येतात."

"छापलेलं नाव पाह्यलं का लोक नोटीस समजतेत," बाबा म्हणाले. "पण त्याच्यात चूलबंद कसं कळन?"

इथं चूलबंद म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या मराठी घरांत आवतण दोन तऱ्हेचं असतं. एक साधं, म्हणजे त्या घरातून एखाद-दुसऱ्या माणसानं यावं. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडेच जेवायचं. चूलबंद जवळच्या माणसांना देतात, आणि ज्याला दिलं त्याचा मान राहतो.

बाबांना एकाच घरचा मान राखायचा होता, ताईच्या सासरचा. ताई कटंगीला दिली होती. तिच्या लग्नात जेवण कमी पडलं. वरातीतले पुरुष जेवून उठले, बायकांची पंगत बसली तेव्हा बुंदी संपली होती, भाजीच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, तळ दिसत होता, आणि विहीणबाईंच्या पानात भात आणि पातळ कढी पडली. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या पुढं, वर्षानुवर्षं. आमच्याकडे आल्या की उंबरठ्यातच सांगायच्या, "आमी जेवून आलो बा, तुमच्या इथचा का भरोसा." आम्हाला वर्षातून दोनदा ऐकावं लागे, ताईला रोज. तिकडे वरणात मीठ कमी पडलं तरी तिच्या माहेरचा गंज निघायचा. बाबांनी ह्या लग्नात एकच गोष्ट मनाशी धरली होती: विहीणबाई आपल्या मांडवातून पोटभर जेवून उठल्या पाहिजेत. मंगलाष्टकं चुकली असती तरी त्यांना चाललं असतं.

म्हणून प्रोग्राममध्ये मी एक चौकोन ठेवला. त्यात खूण केली की नावाच्या खाली ठळक अक्षरांत छापून येई: चूलबंद आवतण. बाबांच्या हुकमावरून पहिलं नाव कटंगीच्या व्याह्यांचं भरलं, चौकोनात खूण केली. बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवून ती खूण खरी आहे का तेही पाहिलं.

छपाई म्हणजे एक सर्कसच होती. पहिलं पाकीट उलटं छापलं, दुसऱ्यावर नाव नेमकं गोंदाच्या पट्टीवर आलं. प्रिंटरला पाकिटं दोन-दोन ओढायची खोड होती, म्हणून आई शेजारी बसून पंख्यानं वारा घालत त्यांना सुटं करत होती. पण एकदा का लय लागली, की मी बटण दाबलं आणि हात बांधून बसलो. पाकिटामागून पाकीट आपोआप बाहेर पडत होतं, नाव, गाव, सगळं सरळ रेषेत. बाबा एकेक उचलून दिव्याकडे धरत होते, नाव सरळ आलं का एवढंच पाहत. "झकास रे," ते म्हणाले. बाबांच्या तोंडून झकास मी त्याआधी फक्त आंब्यांबद्दल ऐकलं होतं.

पाकिटं वाटून झाली. गठ्ठ्यात शेवटचं राहिलं ते दूधवाल्याचं. आईनं ते वाचलं.

"काहून रे, दूधवाल्याले चूलबंद?"

मी पाकीट हातात घेतलं. खरंच चूलबंद होतं. पळत जाऊन कॉम्प्युटर सुरू केला. पहिल्या नावाला केलेली खूण पुढच्या नावाला मी पुसलीच नव्हती. पुस म्हणून कोणी सांगितलंच नाही, तर तो बिचारा कशाला पुसेल? एकदा लागलेली खूण शेवटपर्यंत चालत गेली. डॉक्टर चूलबंद. बाबांच्या कचेरीतले सगळे चूलबंद. गल्ली चूलबंद, आणि ज्यांच्याशी आमचं नळाच्या पाण्यावरून भांडण होतं तेसुद्धा चूलबंद.

बाबा खुर्चीत बसले. मला वाटलं आता पायातली चप्पल हातात येते. पण त्यांचा चेहरा नुसता पांढरा पडला होता. जेवण पुन्हा कमी पडणार, आणि तेही त्याच विहीणबाईंच्या समोर, हे मला सांगावं लागलं नाही.

"सांगून येऊ का बाबा, चुकीनं छापलं म्हणून?"

"येडा झाला का? दिलेलं आवतण वापस मागाले जाऊ? 'तुमी येऊ नका, एकच जण या' म्हणू?" मग उठले, टोपी घातली आणि आचाऱ्याकडे गेले. तिथं त्यांनी एवढंच सांगितलं म्हणे, "महाराज, सब डबल।"

लग्न दुपारचं होतं. मंगल भवनाच्या मागं मोठाले गंज चढले, बुंदीचा डोंगर झाला, भाताची वाफ रस्त्यापर्यंत येत होती. बाबा सकाळपासून तिथंच, भांड्यांत डोकावत. लोक आले, खरंच घरच्या घरं आली, आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत. अक्षता पडल्या. पंगती मांडल्या. आणि कोणी बसेना.

नवरदेवाकडची पंगत आत वेगळी मांडली होती; इथं पहिल्या पंगतीत कटंगीची मंडळी तेवढी बसली होती. चूलबंद मिळालं म्हणून त्यांनी सकाळपासून खरोखर चहावर काढलं होतं. विहीणबाई मध्यभागी. त्यांच्या दोन्ही बाजूंना पत्रावळी रिकाम्या, आणि बाकी सगळं बालाघाट भिंतीकडेला उभं राहून रुमालानं वारा घेत होतं. विहीणबाईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आता तं गावालेबी भरोसा नाही राह्यला वाटते."

ताई वाढायला उभी होती. तिच्या हातातलं पोळ्यांचं ताट खाली आलं. बाबांकडे बघवत नव्हतं. ते धावत शेजारच्या मास्तरांकडे गेले, हे मास्तर हिंदीच बोलणारे, त्यांचा हात धरला. "मास्टरजी, बैठिए ना। क्या गलती हो गई?"

मास्तर ओशाळले. "गलती कैसी बाबूजी, हम तो घर से खाकर आए हैं। लिफाफे पर लिखा था न, चूल बंद। हमने सोचा, गर्मी के दिन हैं, खाना नहीं बनवाया होगा। आपने पहले से बता दिया, अच्छा किया।"

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनीही तेच समजून घेतलं होतं. कचेरीतले बाबू तर म्हणाले, अशी साफ बात छापायला हिंमत लागते. चूलबंद ही चाल आमच्या मराठी घरांपुरतीच. सगळं हिंदी बोलणारं गाव आमच्या चुली बंद आहेत असं समजून आपल्या चुली पेटवून, पोट भरून, नुसते आशीर्वाद द्यायला आलं होतं.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबा मात्र तडक चालत गेले ते लग्न लावणाऱ्या गुरुजींकडे. गुरुजींच्या हातातून त्यांनी माईक काढून घेतला. आयुष्यात कधी माईक धरला नव्हता, त्यामुळे आधी नुसता त्यांचा श्वासच सगळ्या भवनभर ऐकू आला.

"भाइयो," ते म्हणाले, "चूल बंद मतलब आपके घर की चूल बंद। हमारी चालू है। सुबह से चालू है। मैं हाथ जोड़ता हूँ, थोड़ा-थोड़ा खा लो।"

आधी मास्तर हसले, मग सगळं भवन हसलं. मास्तरांनीच कमरेचा पट्टा सैल केला आणि बसले. मग डॉक्टर बसले, कचेरी बसली, नळवाले बसले. भरल्या पोटानं लोक पुन्हा जेवायला लागले, एकमेकांना चिडवत, बुंदी मागून घेत. दुसरी पंगत बसली, तिसरी बसली, आणि गंजाचा तळ काही दिसला नाही.

विहीणबाईंना बाबांनी स्वतः वाढलं. भाजी वाढली, पुन्हा वाढली. भात वाढला. बुंदीची बादली घेऊन तिथून हलेनातच. विहीणबाई खाली मान घालून जेवत राहिल्या. शेवटी त्यांनी दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरले. "पुरे न व्याही," त्या म्हणाल्या. "खरंच पुरे."

बाबांनी बादली खाली ठेवली आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मी त्यांच्याकडे जायला निघालो तर ताईनं मागून माझा सदरा ओढला. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"आयकलं न तू?" ती म्हणाली. "सासूबाई पुरे म्हनल्या."

मी हो म्हणालो. तरी ती तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिली.