गुरुवारचा प्लॉट

माझ्या पहिल्या बिल्डिंगचं बाबांनी जरासुद्धा कौतुक केलं नाही. गोंदियातल्या भर वस्तीत कोपऱ्याचा प्लॉट, चार मजले, समोर विटांची जाळी, जिन्यात दिवसभर उजेड. मी त्यांना मुद्दाम अर्जुनी मोरगावकडच्या गावाहून सकाळच्या गाडीनं बोलावून घेतलं होतं. मुलीनं काढलेला नकाशा उभा राहिलेला पाहून बाबा विरघळतील, अशी माझी खात्री होती. बाबांनी मान वर करून एकदा चौथ्या मजल्यापर्यंत पाहिलं आणि मग कंपाउंडच्या भिंतीला हात लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. परत येऊन विचारलं,

“येथची वाट कोठं गेली व बाई?”

स्टेशनकडून बाजारात जाणारी तिरपी पायवाट त्या रिकाम्या प्लॉटमधून जायची. खेड्यांतून सकाळच्या गाडीनं येणाऱ्या भाजीवाल्या टोपल्या डोक्यावर घेऊन तिथूनच बाजारात शिरत. मला ती माहीत नव्हती असं नाही. मोजणीच्या नकाशात ती तुटक रेषेनं दाखवली होती आणि ती रेष मीच पुसली होती. प्लॉट मालकाचा होता, वाट कुणाच्याच नावावर नव्हती. एवढंच मला तेव्हा कळत होतं.

“आता वळसा घालून जातात बायका,” मी म्हणाले.

“डोक्शावर वजन घेऊन,” बाबा म्हणाले, आणि चहा प्यायला आत आले.

आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. आमच्या भागात गावोगाव जे तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत त्यांतल्या कितीतरी आमच्याच लोकांनी मातीच्या पाळी, म्हणजे बांध, घालून बांधल्या. शिकलेलं त्यात कुणी नव्हतं. रीत मात्र पक्की होती. जागा ठरली की एक अख्खा पावसाळा तिला कुदळ लावायची नाही, नुसती पाहायची. पाणी कुठून येतं, कुठे थबकतं, गुरं कुठून उतरतात, बायका धुणं घेऊन कुठून जातात. मग पाळ अशी घालायची की लोकांची जुनी वाट तिच्यावरूनच जावी. वाट अडवली तर लोक एक दिवस पाळच फोडतात, असं बाबा सांगायचे. हे सगळं ऐकतच मी मोठी झाले आणि कॉलेजात पाच वर्षं आर्किटेक्चर शिकून साफ विसरून आले.

आई गेल्यावर मी बाबांना त्याच बिल्डिंगमध्ये, पहिल्या मजल्यावरच्या माझ्या फ्लॅटमध्ये राहायला आणलं. गावात काका-काकू होते, पण मला बाबा माझ्याजवळ हवे होते. मी एकटी राहते आणि ते मला कधी खुपलं नव्हतं. ते येणार म्हटल्यावर मात्र मी पोरीसारखी नाचत होते. नवी गादी आणली, ताटं आणली, त्यांच्या खोलीला पिवळसर रंग दिला.

बाल्कनी मागच्या अंगाला होती. तिथून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसायची. चार दिवस बाबांनी टाकीकडे पाहिलं. “येथं कोनी येत नाही, कोनी जात नाही,” ते म्हणाले आणि प्लॅस्टिकची खुर्ची उचलून खाली पार्किंगमध्ये जाऊन बसले. आठवडाभरात दुसऱ्या मजल्यावरचे एक म्हातारे खुर्ची घेऊन आले, मग आणखी एक. गप्पा रंगायला लागल्या. मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, कृपया पार्किंग में न बैठें.

मी तरातरा सेक्रेटरींकडे गेले. भांडण करायची मला हौसच आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, नक्शा तो आपका ही है. बैठने की जगह आपने रखी ही नहीं.”

कुणी थोबाडीत मारल्यासारखी मी वर आले. बाबांनी खुर्ची आधीच आणून जागेवर ठेवली होती. पंधरा दिवसांनी त्यांनी पिशवी भरली. “राग नाही आला बाई,” ते म्हणाले. “बसून बसून करू काय?” गाडी सुटल्यावर मी फलाटावर उभी राहून रडले आणि मग घरी न जाता ऑफिसात गेले, कारण घरी ती पिवळसर खोली होती.

त्यानंतर काही वर्षांनी रेल्वेलाइनीच्या पलीकडे एका प्लॉटचं काम आलं. दोघा भावांचा प्लॉट, खाली दुकानं, वर घरं. रस्त्याकडचं दुकान कुणाचं यावरून भावांचं फाटलं आणि पावसाच्या आधी सुरू व्हायचं काम दिवाळीनंतरवर गेलं. बिल्डरनं डोक्याला हात लावला. माझ्या पदरात मात्र पहिल्यांदाच एक अख्खा रिकामा पावसाळा पडला होता. मी बाबांना फोन केला आणि विचारलं, जागा पाहायला येता का?

“कधी?” एवढंच ते म्हणाले.

गुरुवार हा माझा साइटवर जायचा वार. तेव्हापासून दर गुरुवारी बाबा सकाळच्या गाडीनं यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. हातात छत्री, पिशवीत बांबूच्या खुंट्या आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या. चपला काढून ते प्लॉटवरच्या पाण्यात उतरायचे, पावलांनी चाचपत चालायचे आणि पाणी जिथे थबकेल तिथे खुंटी ठोकून तिला चिंधी बांधायचे. मी टेप घेऊन मागे.

“हा फीता कायले आनला? पान्याले फीता समजते का?”

“मला समजतो, बाबा.”

“मंग धर,” ते म्हणायचे आणि मी माप घ्यायचे.

अख्ख्या गल्लीचं पाणी त्या प्लॉटच्या एका कोपऱ्यात येऊन बसत होतं. तो कोपरा मी कागदावर भरावानं उंच करून टाकला होता. तसं झालं असतं तर पाणी पलीकडच्या बैठ्या घरांत शिरलं असतं. हे मला कुठल्याही यंत्रानं सांगितलं नव्हतं. पाऊस उघडला की बाबा माणसं पाहायचे. शाळेची पोरं कुठून आडवी जातात, शिंगाडेवाल्या बायका दुपारी कुठे टेकतात. त्या शेजारच्या दुकानाच्या पत्र्याखाली बसायच्या आणि दर तासाला टोपली घेऊन थोड्या सरकायच्या. बाबा सरळ त्यांच्यात जाऊन बसले आणि विचारून आले. “सावली सरकली का आमी बी सरकतो, बाबूजी,” असं एकीनं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ते मला जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं.

आमच्या घरात बाप-लेक फारसं बोलत नाहीत. जेवली का, पोचली का, संपलं. त्या पावसाळ्यात मात्र आम्ही पत्र्याच्या शेडखाली डबा उघडून बसायचो. भात आणि लाखोळीची डाळ. बाबा भराभर जेवत आणि बोलत सुटत. त्यांच्या बापानं एकदा चुकीच्या जागी बोडी बांधली आणि ती कशी कोरडीच राहिली, ते सांगून हसत. एका गुरुवारी मुसळधार पावसात आम्ही दोघं पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभे होतो आणि ते म्हणाले, “तुझी आई असती तं म्हनली असती, दोघंही येडे झाले.” आई गेल्यानंतर त्यांनी तिचा विषय काढलेला मी तो पहिल्यांदा ऐकला. मी टेप सोडून त्यांचा दंड धरला. इतकी सुखी मी आयुष्यात थोडेच दिवस होते, आणि ते सगळे गुरुवार होते.

नकाशा पुन्हा काढला. कोपरा खालीच ठेवला आणि तिथे पाणी जिरायला जागा केली. इमारतीच्या पोटातून, गल्लीपासून बाजाररस्त्यापर्यंत, एक बोळ आरपार नेला. दोन टोपलीवाल्या बायका एकमेकींना न घासता जातील एवढा रुंद. त्याच्या कडेला लांबलचक ओटा, दुपारची सावली जिथे टिकते तिथे. बिल्डर म्हणाला, “मॅडम, इस गली में तो दो दुकानें निकल जातीं.” मी त्याला माझ्या पहिल्या बिल्डिंगच्या भिंतीपाशी नेलं. तिथल्या एका कोपऱ्यातल्या विटा लोकांनी तोवर काढून टाकल्या होत्या, माणूस वाकून जाईल एवढ्या. त्यानं वाकून त्या भोकातून पलीकडे पाहिलं. मग म्हणाला, “बना लो.”

एक गोष्ट मी बाबांना सांगितली नाही. त्या बोळाला लागून तळमजल्यावर मी एक लहानसं घर काढलं होतं आणि त्याला छपरी ठेवली होती, गावच्या घराला असते तशी, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बसल्या जागी बोलता येईल अशी. ते घर मी स्वतःसाठी घेतलं. आमच्या दोघांसाठी.

इमारत पूर्ण झाल्यावर बाबा आले. बोळातून तीनदा चालले. ओट्यावर बसून पाहिलं, उठले, दुसऱ्या जागी बसून पाहिलं. एका शिंगाडेवालीशी तिच्या गावच्या तलावाचं बोलले. मग मी त्यांना छपरीत नेलं आणि म्हणाले, “हे आपलं. आता परत जायचं नाही.”

ते छपरीच्या खांबाला टेकून उभे राहिले. “चांगलं केलं,” म्हणाले. “पन मी येथं राहू कायले? आता काम तं झालं.”

मला असा राग आला! पावसाळाभर गाडीचे हेलपाटे घातले, पाण्यात उभे राहिले, आणि आता राहायला कायले? “मग कशाला येत होतात दर गुरुवारी?” मी ओरडलेच. शिंगाडेवाल्या वळून पाहायला लागल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी छत्री उचलली. गाडीची वेळ झाली होती.

त्यानंतर ते दर गुरुवारी फोन करायचे. “नवा प्लॉट निघाला का?”

“प्लॉट काय रोज निघतात का बाबा?”

“निघाला का सांगजो.”

मी हसायचे, कधी वैतागायचे. तेव्हा माझ्याकडे कामं होती ती किचन ट्रॉली आणि फॉल्स सीलिंगची. म्हाताऱ्याला पाणी पाहायचा छंद लागलाय, असं मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायचे. माझ्यासारख्या शहाण्या बाईला हे कळायला दीड वर्ष लागलं की त्यांना प्लॉटची पडलेली नव्हती. माझ्याजवळ यायला त्यांना काम लागत होतं. नुसतं लेकीकडे येऊन खाऊन-पिऊन बसणं त्यांना जमत नव्हतं, आणि काम नसेल तर माझ्याशी काय बोलायचं हेही येत नव्हतं. मलाही कुठे येत होतं?

कळलं तेव्हा उशीर झाला होता. श्रावणात बाबा शेतात घसरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आता ते खाटेवरून काठीपर्यंत आणि काठीवरून खाटेपर्यंत. गाडीत बसणं बंद. मी महिन्यातून एकदा जाते. आम्ही दोघं समोरासमोर बसतो. जेवली का, औषध घेतलं का. मग काकू चहा आणते आणि आम्ही दोघंही सुटल्यासारखे चहाकडे वळतो. परत येताना गाडीत मला त्यांची इतकी आठवण येते की वाटतं, आत्ता जिथून निघाले तिथे ते नव्हतेच.

फोन मात्र दर गुरुवारी असतो. “निघाला का प्लॉट?” दोन महिन्यांपूर्वी त्यांचा आवाज फारच बारीक झाला होता. मी “नाही” म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, “हो, निघाला.”

“कोठं?” खाट करकरली. ते उठून बसले होते.

मी सांगत गेले. शहराच्या टोकाला, शाळेच्या मागे, रस्त्याला लागून एक नाली. ते विचारत गेले. माती कारी का मुरमाड? मागची घरं उंचावर का खाली? पोरं कोन्या बाजूनं जातात? मी सगळं रचलं. पुढच्या गुरुवारी आणखी रचलं. त्यांनी काकूकडून वही मागवून घेतली आणि त्यात खुंट्या काढायला लागले. काकू म्हणाली, तुझे बाबा आता जास्त जेवतात. मी रोज झोपायच्या आधी त्या नसलेल्या प्लॉटचा विचार करायला लागले.

गेल्या गुरुवारी मी म्हणाले, “पाऊस पडला की पाणी नालीकडे वाहतं बाबा, पूर्वेला.”

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

“मांगं तं पश्चिमेले म्हनली होती,” बाबा म्हणाले. “दोन्हीकडं नाही जात व पानी.”

माझ्या हातातला फोन गरम झाला होता.

“असा प्लॉट नाहीच ना बाई?”

“नाही, बाबा.”

मला वाटलं, आता ते फोन ठेवतील. पेन्सिलीला टोक करताना होतो तसा करकर आवाज येत राहिला.

“पूर्वेलेच राहू दे,” ते म्हणाले. “सांग पुढं. मी लिहून राहिलो.”